शेड, पेटी आणि हिवाळ्यातलं ऊन

चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज टूमध्ये आमची शेड होती. मार्च २०२४मध्ये आम्ही ती सोडली आणि त्याच वर्षी, नवरात्राच्या आधी, सेक्टरमधलं दुमजली घर विकून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. दोघांचीही सत्तरी उलटलेली, मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. निर्णयात नवल असं काही नव्हतं. किती सामान काढलं, कुणाला दिलं, हे सगळेच विचारतात. त्या सामानाबरोबर आमचे ऋतू कसे बदलले हे कुणी विचारत नाही, आणि मला सांगायचं आहे ते तेच.

हे मूळचे कोल्हापूरचे. शिवाजी उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसला आणि ट्रॅक्टरच्या कामामागे हे उत्तरेला आले. मोहालीत पंजाब ट्रॅक्टर्सचा पहिला ‘स्वराज’ १९७४मध्ये बाहेर पडला होता, पिंजोरला एचएमटीचे ट्रॅक्टर बनत होते. या मोठ्या कारखान्यांना लागणारे बुश, पिना, शाफ्ट असं किरकोळ वाटणारं पण अचूक मापाचं काम छोट्या छोट्या शेडमधून होई. आधी नोकरी, मग भागीदारी, मग स्वतःचं. पहिली लेथ जुनीच घेतली, बटाल्याची. गुरुदासपूर जिल्ह्यातलं बटाला ओतकामासाठी आणि लेथ-शेपरसाठी सगळ्या उत्तरेत नावाजलेलं. २०१५च्या एप्रिलमध्ये घुमानला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नामदेवांच्या त्या गावाहून परतताना हे मुद्दाम वाट वाकडी करून मला बटाल्याला घेऊन गेले. म्हणाले, “अगं, आपल्या लेथचं माहेर बघून घे.”

ल कार्बुझिएच्या आराखड्यात शहराच्या आग्नेय टोकाला, रेल्वेमार्गालगत, सुमारे २३५ हेक्टर जागा कारखान्यांसाठी राखलेली होती आणि ती जागा व राहते सेक्टर यांच्या मध्ये झाडांचा रुंद पट्टा. पाहुण्यांना आम्ही सुखना तलाव दाखवायचो, रोझ गार्डन दाखवायचो. इंडस्ट्रियल एरिया कुणी पाहायला मागत नसे. मला मात्र शहराचा तोच भाग आपला वाटला. ट्रिब्यून चौक ओलांडला की कटिंग ऑइलचा वास यायचा, आणि त्या वासात उद्यमनगर आहे असं हे म्हणायचे.

आमचं वर्ष दोन पूजांवर बांधलेलं होतं. आपल्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला. पंजाबात विश्वकर्मा पूजा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या पाडव्यालाच. आम्ही दोन्ही केल्या. नवमीला मशिनं पुसून, लेथच्या चकला हळद-कुंकू लावून, पाटावर पाना, हातोडी, व्हर्नियर, मायक्रोमीटर मांडायचे. सीवान आणि गोरखपूरकडची मुलं आमच्याकडे कामाला होती. पहिल्या वर्षी ती बाजूला उभी राहून बघायची, पुढच्या वर्षी झेंडूच्या माळा तीच ओवायची. विश्वकर्मा पूजेला तर सबंध एरियात एकही मशीन चालत नसे. शटरं सताड उघडी, आत देवाची तसबीर, बाहेर लंगर, शेजारच्या शेडमधले सरदारजी हाताला धरून जेवायला बसवणार. आरती झाली, कामगारांना मिठाईचे डबे दिले, की लेथजवळच्या खुर्चीवर यांना बसवून मी पाडव्याचं ओवाळायची. पाडव्याला यांना घरी ओवाळल्याचं मला फारसं आठवत नाही.

शेड सोडायची वेळ एका दिवसात आली नाही. २००३मध्ये केंद्राने हिमाचलला औद्योगिक सवलती दिल्या आणि इथले कितीतरी मालक बद्दीला गेले. २००५मध्ये प्रशासनाने औद्योगिक भूखंड व्यापारी वापरासाठी बदलून घ्यायला परवानगी दिली. त्यानंतर फेज वनमध्ये मोटारींची शोरूम, हॉटेलं उभी राहिली. २००७मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राकडे गेली. २०१३मध्ये एलांते मॉल उघडला. २०१६मध्ये पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं ठरलं. आमचं काम आटत गेलं ते असं, बाहेरून, टप्प्याटप्प्याने. मॉलवर माझा राग नाही, नातवंडं आली की आम्हीही तिथे जातो. पण आमच्या शेडमध्ये हाताने धड मोजपट्टी न धरता येणारा मुलगा काही वर्षांत चांगला टर्नर होऊन बाहेर पडायचा आणि गावाकडे घर बांधायचा. शोरूममध्ये गाड्या पुसणाऱ्या मुलाच्या हाताला तसं काही लागत नाही. शहराने याची खंत करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग जुलै २०२३चा पाऊस आला. ९ जुलैच्या सकाळपर्यंत चोवीस तासांत चंडीगडला ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. आमच्या शेडमध्ये पाणी शिरलं. मशिनं वाचली, पण मोटारी खोलून, सुकवून पुन्हा बसवताना यांची कंबर धरली आणि त्याच आठवड्यात हे म्हणाले, “आता बास.” आवाजात कडवटपणा नव्हता. मी उलट विचारलंही नाही.

मशिनं विकायला काढली तेव्हा कबाडी रोज यायचे. शेपर, ड्रिल, रॅक त्यांच्याकडेच गेलं, वजनावर. लेथ मात्र यांनी वजनावर द्यायला साफ नकार दिला. आमच्याकडे शिकलेल्या एकाने डेराबस्सीला स्वतःचं काम सुरू केलं आहे. त्याने होती तेवढी रक्कम आणली, बाकीची हप्त्यांनी देतो म्हणाला. यांनी हिशेब वहीत लिहिला आणि क्रेन बोलावली. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर घरी आले, ते अजून देव्हाऱ्याशेजारच्या खणात आहेत.

घराचं प्रकरण वेगळं. त्यात खरी अडचण पेटीची होती. पंजाबी घरात पेटी म्हणजे पत्र्याची, पलंगाएवढी, उभं राहून वाकल्याशिवाय तळाला हात न पोचणारी. इथे थंडी खरी असते आणि उन्हाळाही खरा, त्यामुळे घराचं अर्धं सामान नेहमी रजेवर असतं. दिवाळीआधी रजया बाहेर, त्यांना दोन दिवस गच्चीवर ऊन. बैसाखीच्या सुमारास पुन्हा ऊन देऊन, कडुनिंबाची पानं घालून आत. रजया निघाल्या की कूलरचे ताटवे माळ्यावर, रजया आत गेल्या की ताटवे खाली. चाळीस वर्षं हे काम आम्ही दोघांनी मिळून केलं. एका बाजूने मी धरायची, दुसऱ्या बाजूने हे. कितीतरी भांडणं आणि कितीतरी समेट त्या रजयांच्या घड्या घालताना झाले आहेत.

फ्लॅटच्या दारातून पेटी आत जाईना. तशीही ती ठेवायला भिंत नव्हती. शेजारच्या भैणजींनी मार्ग सुचवला: जुन्या रजयांचा कापूस पिंजून घ्या, निम्म्या कापसाच्या नव्या भरा. तशा दोनच भरून घेतल्या, उरलेल्या गुरुद्वाऱ्यात दिल्या. पेटी भैणजींच्या सुनेकडे गेली. पाटा-वरवंटा, परात, मोठा कुकर, मुलांच्या वह्या यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते दिलं आणि विसरले. ज्याला वापर आहे त्याच्या हातात वस्तू गेली की मन अडकत नाही, एवढं कळलं.

अडकलं ते उन्हात. चंडीगडच्या हिवाळ्यात माणसं घरात राहत नाहीत, गच्चीवर राहतात. सकाळी धुकं, स्टेशनवर गाड्या तास न् तास उशिरा, आणि अकरानंतर ऊन आलं की सगळं घर वर. मटार सोलणं, शेंगा, किन्नू, सरसोंची भाजी निवडणं, पोथी वाचणं, डुलकी, सगळं तिथेच. आमच्या नव्या बाल्कनीचं तोंड उत्तरेला. तिथे डिसेंबरात आणि जानेवारीत उन्हाची तिरीपही येत नाही. फ्लॅट घेतला तेव्हा सप्टेंबर होता आणि सावली हवीशी वाटत होती! पहिला हिवाळा, २०२४-२५चा, फार जड गेला. हीटरसमोर दोन खुर्च्या टाकून आम्ही बसायचो आणि दुपारी तीनलाच दिवस संपल्यासारखं व्हायचं. शेड असती तर हे तिकडे असते, मी गच्चीवर असते. आता दोन माणसं आणि एक हीटर. तेव्हा कळलं की इतकी वर्षं आम्ही एकत्र राहिलो, पण दुपारी कधीच एकत्र नव्हतो.

लोहडीच्या संध्याकाळी खाली होळी पेटली, रेवडी, गजक, शेंगा वाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी संक्रांत म्हणून मी तिळगूळ घेऊन मजल्यामजल्यावर गेले. तळमजल्यावरच्या बीजींनी हात धरून बसवलं आणि विचारलं, “तुम्ही धुपेला येत का नाही?” मग समजलं की इमारतीच्या मागच्या बागेत, भिंतीलगत, अकरा ते तीन या वेळात सगळे म्हातारे असतात. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. आम्हीही दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन गेलो. तिथे निवृत्त मास्तर आहेत, एक फौजी आहेत, लुधियानाला होजियरीत आयुष्य काढलेलं जोडपं आहे. यांची आणि फौजींची गाडी लगेच जमली, कारण त्यांच्या हातगाडीच्या चाकाचं बुश झिजलं होतं.

उन्हाळा सोपा गेला, हे नवल. वाळ्याच्या ताटव्यांचा मोठा कूलर मे-जूनच्या कोरड्या हवेत घर गार करायचा, पण पाऊस सुरू झाला की तोच घामाने चिंब करायचा, आणि त्याचं पाणी भरणं, ताटवे बदलणं, मोटारीला तेल देणं हा यांचा दीड महिन्याचा उद्योग. आता एका खोलीत छोटा एसी आहे. मे महिन्यात बहावा फुलतो तेव्हा पहाटे पाचला आम्ही चालायला निघतो, पूर्व मार्गाच्या बाजूने इंडस्ट्रियल एरियापर्यंत. चहाची टपरी अजून तीच आहे. चहावाला अजून यांना ‘मिस्त्रीजी’ म्हणतो, आणि आमची शेड होती तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. हे त्या बाजूला बघायचं टाळत नाहीत. नवीन मालकाने वायरिंग नीट केलं का, एवढं एकदा पाहून आले.

मुलगा दर फोनला म्हणतो, “आई, पुण्याला या.” संपर्क क्रांती इथूनच सुटते, पुण्यावरून जाते, जायला अवघड नाही. जातोही. पण पुण्यात यांना कोण ‘मिस्त्रीजी’ म्हणणार? आणि मला आता अकरा वाजता बागेत कुणीतरी वाट बघतं याची सवय झाली आहे.

गेल्या नवमीला फ्लॅटमध्ये पाटावर फक्त मायक्रोमीटर आणि व्हर्नियर होते. मला वाटलं, यांना वाईट वाटेल. यांनी दोन्ही उघडून तेलाचा हात फिरवला, शून्य जुळतं का ते तपासलं आणि म्हणाले, “माप अजून बरोबर आहे.” दिवाळीनंतर डेराबस्सीहून बोलावणं आलं. विश्वकर्मा पूजा, लेथ तिथेच. जाऊन आलो. आमच्याकडे शिकलेल्या त्या मुलाने लेथचा बेड नव्याने घासून घेतला आहे, दोन पोरं शिकायला ठेवली आहेत. ओवाळणीचं तबक मी घरून नेलं होतं. यांना तिथेच ओवाळलं, मग त्या मुलाच्या बायकोनेही तबक मागून घेऊन त्याला ओवाळलं.

यंदा दोन्ही पोरांना मायक्रोमीटर वाचायला शिकवायचं यांनी कबूल केलं आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा डेराबस्सीची बस. हिवाळ्यात हे उन्हाच्या वेळेत जाणार की सकाळी, यावरून सध्या आमचं चाललेलं आहे. माझं म्हणणं, सकाळी धुक्यात निघायचं नाही. यांचं म्हणणं, पोरांचे हात सकाळीच नीट चालतात.