तटाच्या आत माणसे किती, गुत्ते किती?

खानापूरहून बेळगावास येणाऱ्या वाटसरूला किल्ल्याचा रुंद खंदक पाहून या तटाआड एके काळी किती वस्ती असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतील अफाट नगरांची सवय जडल्यामुळे त्याचे अनुमान बहुधा फार फुगलेले असते.

वास्तविक तट हेच वस्तीचे माप होय. रट्टांच्या अमदानीत, १२०४ च्या सुमारास उभारलेला हा किल्ला सुमारे शंभर एकरांचा, म्हणजे चाळीस हेक्टरांचा. मध्ययुगीन नगरांस लावले जाणारे हेक्टरी शंभर ते दोनशे माणसांचे प्रमाण येथे योजले, तर आकडा चार ते आठ हजारांत येतो, आणि मंदिरे, कोठारे, तळी यांची जागा वजा जाता तोही उतरतो.

मद्यगृहांचा हिशेब मात्र निराळा. इंग्लंडात १५७७ च्या सरकारी गणतीवरून दीडशेच्या आत माणसांमागे एक मद्यगृह वा पथिकाश्रय असल्याचा अंदाज निघतो. त्या मानाने पाच हजारांच्या गावात पस्तीस-चाळीस भरतील. पण तेथे निवारा, अन्न आणि मद्य एकाच छपराखाली मिळे. आपल्याकडे मुसाफिराचा मुक्काम धर्मशाळेत, मठात किंवा देवळाच्या ओवरीत पडे, आणि दारूचा व्यवहार कलालाकडे असे. पुढे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने तो परवान्यांच्या कडक शिस्तीत बांधला गेला.

म्हणून मराठी मुलखातील जुने नगर यथार्थ उभे करू पाहणाऱ्याने परदेशी प्रमाणे उसनी न घेता प्रथम तटाचे क्षेत्र, विहिरी आणि धर्मशाळा मोजाव्यात. गुत्त्यांची संख्या त्यानंतरच ठरवावी.