चिलीम सापडली, पण गुन्हा कोणता?

वाशी-नेरूळकडे एखाद्या हुक्का पार्लरवर छापा पडला की पंचनाम्यातला मुद्देमाल साधारण ठरलेला असतो. काचेचे पॉट, पाइप, मातीच्या चिलमी, कोळसा, चिमटा, फ्लेवरचे डबे. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास कुणीतरी विचारतं, ‘दुबईहून आणलेला आमच्या शोकेसमधला हुक्का काढून टाकायचा का?’

गरज नाही. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईतल्या कमला मिलच्या आवारात आग लागून 14 जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्याचं कारण चौकशीत पुढे आलं आणि 2018 मध्ये महाराष्ट्राने तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. तिने बंदी घातली ती हुक्का बार उघडण्यावर आणि चालवण्यावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. शोकेसमधल्या शोभेच्या वस्तूशी त्या कलमाला देणंघेणं नाही.

‘आमचा हुक्का हर्बल आहे’ ही पार्लरवाल्यांची आवडती ढाल. ती अगदीच पोकळ नाही, कारण हुक्का बारच्या व्याख्येत तंबाखू हा शब्द आहे. म्हणूनच डब्यात नेमकं काय होतं, हे सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. मात्र एप्रिल 2023 मध्ये चेंबूरच्या एका रेस्टॉरंटच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की खाद्यगृहाच्या परवान्यात हुक्का आपोआप येत नाही. म्हणजे तंबाखूच्या कलमातून सुटलेला मालक परवान्यात अडकू शकतो.

चिलमीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नशेची साधनं बाळगणं हाच गुन्हा आहे. 1979 मध्ये तिथल्या केंद्रीय यंत्रणेने त्यासाठी नमुना कायदाच करून दिला होता. तिथल्या मालिका पाहून आपल्याकडेही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात मात्र कोरी चिलीम किंवा टपरीवरचा रोलिंग पेपर बाळगण्याचा स्वतंत्र गुन्हा नाही. पण चिलीम कोरी असली तर! तिच्यात गांजाचा अंश सापडला, तर प्रश्न चिलमीचा राहत नाही, गांजाचा होतो. सेवनाचं कलम 27 पुढे येऊ शकतं, आणि गुन्ह्यात वापरलेली साधनं कलम 60 खाली जप्त होतात ती वेगळीच. अमली पदार्थ बनवण्याची खास उपकरणं सापडली, तर कलम 54 नुसार गृहीतक आरोपीच्या विरोधात जातं. ती जवळ का होती, याचा समाधानकारक खुलासा त्यालाच करावा लागतो.

राज्याच्या दारूबंदी कायद्यात मात्र नुसत्या साधनांचा गुन्हा जुनाच आहे. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘कलम 65 (फ)’ असा उल्लेख असतो तो हाच. खाडीकाठच्या झुडपांत सापडलेलं प्लास्टिकचं पिंप हा काही गुन्हा नव्हे. त्याच पिंपात गूळ-नवसागराचं आंबलेलं रसायन असेल आणि शेजारी भट्टी असेल, तर दारूचा थेंबही गाळलेला नसताना खटला उभा राहतो. कलमाचा जीव ‘दारू बनवण्यासाठी’ या हेतूत आहे. बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि पंच फितूर झाले की पिंप पुन्हा पाण्याचं होतं.

अमली पदार्थांबाबत आणखी एक समज म्हणजे तराजूवर फक्त नशेचा माल चढतो. पूर्वी शुद्ध अंशच मोजावा असं सर्वोच्च न्यायालयानेच 2008 मध्ये म्हटलं होतं. एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं, त्यामुळे भेसळीचं वजनही धरलं जातं. एलएसडीचा थेंब ज्या ब्लॉटर कागदावर टिपलेला असतो, त्या कागदासकट वजन करायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं आहे. एलएसडीचं व्यापारी प्रमाण अवघं 0.1 ग्रॅम. नखाएवढ्या काही चौकोनी तुकड्यांतला कागदच काटा तिकडे झुकवू शकतो, आणि मग जामिनासाठी कलम 37 च्या कडक अटी लागतात.