वाकडं तोंड, सरळ माणूस

नांदेड-लातूरकडे एखाद्याचं तोंड अचानक वाकडं झालं, की ‘वारं गेलं’ म्हणतात. मग हळूहळू त्याच्या स्वभावाचीच चर्चा सुरू होते. हसून ‘या, बसा’ म्हणायला ओठ साथ देत नाहीत. पाहुण्यांना वाटतं, आपलं येणं आवडलेलं नाही.

ललिता पवार आठवतात? 1942 साली चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, तीनेक वर्षं उपचारांत गेली, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. गेल्या त्या नायिका, परतल्या त्या खाष्ट सासू! 1987 मध्ये ‘रामायण’ मालिकेत त्या मंथरा झाल्या आणि घरोघरी त्या डोळ्यात कपट दिसलं. पण तोच डोळा ‘अनाडी’तल्या (1959) मिसेस डिसाचाही होता. तिथं तो मायाळू वाटला, फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. डोळा एकच, आपण वाचलं वेगवेगळं.

बहुतेकदा हा ‘बेल्स पाल्सी’ असतो. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडाच्या अरुंद नळीत सुजून दबते. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतो. मात्र औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हावं. हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा थेट दवाखाना गाठावा.

तोवर चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो. म्हणून तो माणूस लग्नाच्या पंगतीला बसत नाही, आणि मंडळी म्हणतात, ‘फार शिष्ट झालाय हो!’