मुंबई विमानतळ ते सीएसएमटी: आता भुयारी मेट्रोनं

संभाजीनगरकरांनो, परदेशातून मुंबईत उतरून पुढे रेल्वेनं घरी येणार असाल, तर ही माहिती जपून ठेवा.

आपल्या चिकलठाणा विमानतळाला रेल्वेची जोड नाही. जालना रोडनं रस्त्यानंच शहरात यावं लागतं. मुंबईत मात्र मेट्रो 3, म्हणजे अ‍ॅक्वा लाईन, 9 ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. 33.5 किमी, 27 स्थानकं. टी1 आणि टी2 दोन्ही टर्मिनलांना स्वतंत्र स्थानक आहे.

कसं जायचं?
🚇 मेट्रोच्या पाट्या बघत स्थानक गाठा, कफ परेडकडची गाडी पकडा.
🎫 भाडं अंतरानुसार 10 ते 70 रुपये.
🧳 प्रवेशाला बॅगा स्कॅनरमधून जातात, थोडा वेळ हाताशी ठेवा.
🚉 उतरायचं 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस मेट्रो'ला.

दादरही याच मार्गावर आहे, पण मोठ्या बॅगा असतील तर सीएसएमटीच बरं. दुपारची वंदे भारत आणि रात्रीची देवगिरी तिथूनच सुटतात. गाडी फलाटावर लागली की निवांत सामान लावता येतं.

एक लक्षात असू द्या: शेवटच्या मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात. विमान मध्यरात्री उतरत असेल तर टॅक्सीच करा. दिवसा मात्र अंधेरी-वांद्र्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चुकण्याची धाकधूक आता उरली नाही. घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा!