प्राध्यापक कोणास म्हणावे?

मढच्या कोळीवाड्यातून उच्च शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी तरीने खाडी ओलांडून वर्सोव्यास उतरतो व अंधेरी गाठतो, किंवा मार्वे मार्गाने मालाडला येतो. महाविद्यालयात शिकविणारा प्रत्येकजण त्याच्या लेखी ‘प्रोफेसर’च असतो. सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेवरही सरसकट ‘प्रा.’ छापले जाते. लोकव्यवहारात त्याने काही बिघडत नाही. शासकीय पत्रव्यवहारात मात्र पदनाम नेमके असावे लागते.

पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक व प्राध्यापक अशी चढती श्रेणी होती. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे विभागप्रमुख झाले ते प्रपाठक म्हणून; प्राध्यापकपद त्यांना १९३४ मध्ये मिळाले. विभागप्रमुखपद ही जबाबदारी आहे, श्रेणी नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. १९५९ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे विद्यापीठाने त्यांना गुणश्री प्राध्यापक केले. हा बहुमान आहे, वेतनश्रेणी नव्हे. नावामागील ‘डॉ.’ ही तर केवळ पदवीची खूण. ती सहायक प्राध्यापकाच्या नावामागे असू शकते आणि वैद्याच्याही!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांपासून सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक ही पदनामे रूढ झाली. यांतील ‘सहायक’ शब्दाने पुष्कळांची फसगत होते. सहायक प्राध्यापक हा कोणाचा मदतनीस नसतो. तो स्वतंत्रपणे वर्ग घेतो, उत्तरपत्रिका तपासतो. २०१८ च्या विनियमांनुसार या पदासाठी पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे, अथवा विहित पद्धतीने मिळविलेली पीएच.डी. आवश्यक आहे. सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी.सह किमान ८ वर्षांचा अनुभव व ७ शोधनिबंध, तर प्राध्यापकपदासाठी सर्वसाधारणपणे १० वर्षे व १० शोधनिबंध लागतात. अकरावी-बारावीचे शिक्षक या श्रेणीत येत नाहीत. ते शालेय शिक्षण विभागाच्या कक्षेत मोडतात.

आणखी एक वर्ग या शिडीच्या बाहेरच उभा असतो. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची पात्रता अनेकदा तीच, पाठ्यपुस्तकही तेच. मानधन मात्र घेतलेल्या तासांपुरते. विद्यार्थी त्यांनाही ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणूनच हाक मारतात. परंतु अनुभवाचा दाखला मागण्याची वेळ येते तेव्हा त्यावर कोणते पदनाम लिहिले आहे, नेमणूक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती आणि तिला विद्यापीठाची मान्यता होती काय, यावरच ती वर्षे पुढील पदासाठी धरली जाणार की नाही हे ठरते.