मोडीत घालण्याआधी

दिवाळीची साफसफाई आणि लग्नसराई. वर्षातून या दोन वेळेला आपल्या घरातलं जुनंपानं हमखास बाहेर निघतं. एकदा जागा करायची म्हणून आणि एकदा पैसा उभा करायचा म्हणून. माळ्यावरचा तांब्याचा हंडा, सासूबाईंच्या पेटीतली जरीची साडी, डब्याच्या तळाशी राहिलेली नाणी. मग दारात मोडवाला येतो, नाहीतर आपणच सराफाच्या पायऱ्या चढतो, आणि सगळं काट्यावर जातं. विकणं वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही मैत्रिणींनो. अडीनडीला उपयोगी पडावं म्हणूनच आपल्या आज्या-सासवांनी ते साठवलेलं असतं. पण कुणाला विकायचं आणि कोणत्या भावानं विकायचं, हे ठरवायचं काम आपण फार पटकन समोरच्यावर सोपवतो.

आमच्या किल्लारीत तर जुन्या वस्तूंना वेगळीच किंमत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे भूकंप झाला. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि डोक्यावरची माळवदं माणसांच्या अंगावर आली. त्या ढिगाऱ्यातून माणसं काढली, नंतर संसार काढला. चेपलेल्या घागरी, झाकण हरवलेले डबे, एखादी शाबूत समई. पुढे पुनर्वसनाची नवी घरं मिळाली ती ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. अडीचशे फुटांत माणसं झोपवायची का वीस शेर पाण्याचा हंडा ठेवायचा? कितीतरी घरांतलं तांबं-पितळ तेव्हाच किलोवर गेलं. जे उरलं, ते अजून अधूनमधून विकायला निघतं.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी मागे माझ्याकडे आल्या. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा होता. सासूबाईंनी ढिगाऱ्यातून काढून जपलेला पितळी डबा नातीसाठी म्हणून सुनेच्या हाती दिला होता. आत एकेचाळीस नाणी. दीर म्हणाले, सराफाला देऊन मोकळ्या व्हा. सराफानं सगळी एकत्र काट्यावर टाकली, ४६५ ग्रॅम भरली. ‘जुनी चांदी हाय, भेसळीची. निम्मी धरतो,’ असं सांगितलं. इकडे पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं की असलं एकेक नाणं लाखाला जातंय. ‘कसं करावं ताई? एक म्हणतंय निम्मी, एक म्हणतंय लाख. खरं कुणाचं धरू?’

मी काही नाण्यांची जाणकार नाही. पण लातूरला एक निवृत्त गुरुजी आहेत, उभा जन्म नाणी जमवण्यात गेलेला. त्यांना भेटायला आम्ही दोघी गेलो. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि नाण्यांचे चार ढीग केले. ते चार ढीग मला तुम्हाला सांगायचेत, कारण आपल्या भागातल्या बहुतेक डब्यांत हेच चार निघतील.

पहिला ढीग हालीचा. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे आपल्याकडे निजामाचा ‘हाली’ रुपया चालायचा आणि इंग्रजांच्या रुपयाला आपली म्हातारी माणसं ‘कलदार’ म्हणायची. साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशेब असे. हाली रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं, ‘मीम’ असलं तर सहावा निजाम महबूब अली खान, ‘ऐन’ असलं तर सातवा उस्मान अली खान. (शाळेत हा इतिहास असा शिकवला असता तर माझ्याही लक्षात राहिला असता!) या नाण्याचं वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी जवळजवळ ८२ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी ९ ग्रॅमच्या थोडी वर.

दुसरा ढीग कलदारचा. व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांच्या मुखवट्याचे रुपये. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर आपला जुना तोळा. चांदी ९१.७ टक्के. एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम.

तिसरा ढीग फसवा. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ या सालांचे रुपये. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून सरकारनं त्यातली चांदी निम्म्यावर आणली. दिसायला तसेच, वजनाला तेवढेच, पण शुद्ध चांदी फक्त ५.८ ग्रॅम. आणि चौथ्या ढिगात १९४७ चे, मागे वाघाचं चित्र असलेले. त्यात चांदी औषधालाही नाही, ते निकेलचे आहेत. घरातल्या लोहचुंबकाला चिकटतात, लगेच कळतं.

वहिनींच्या डब्यात हाली चौदा, कलदार एकोणीस, युद्धातले सहा आणि वाघाचे दोन निघाले. झीज धरून गुरुजींनी हिशेब केला तर शुद्ध चांदी ३६० ग्रॅमच्या आसपास. सराफ धरत होता निम्मी, म्हणजे २३२. सव्वाशे ग्रॅमचा फरक! त्या सहा नाण्यांना निम्मी चांदी हे खरंच होतं. तोच नियम सगळ्या एकेचाळिसांना लावला एवढंच. नाण्यावरचं साल वाचता येणारी बाई समोर बसली असती तर कदाचित लावला नसता.

हा झाला वजनाचा भाव. पण काही वस्तूंना दुसराही भाव असतो, हौसेचा. जमवणारी माणसं जगात आहेत म्हणून तो असतो, आणि तो वजनावर ठरत नाही, ती वस्तू किती थोडी उरली आणि कशा अवस्थेत आहे यावर ठरतो. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. त्यात राजाच्या झग्यावर हत्तीचं चित्र होतं, पण सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. गवगवा झाला, सरकारनं नाणं थांबवलं, पुष्कळशी वितळवली. उरली त्यांना संग्राहक शोधत असतात. चांदी मात्र त्यात शेजारच्या १९१२ च्या रुपयाइतकीच! आमच्या डब्यात १९११ चा एकही नव्हता. मी दोनदा बघितलं.

हौसेच्या भावाची कमाल बघायची तर लंडनची एक बातमी सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सदबीज या लिलावघरात मॅकॅलन नावाच्या व्हिस्कीची एक बाटली विकली गेली, १९२६ साली गाळलेली. किंमत एकवीस लाख पौंडांहून जास्त, आपले बावीस कोटींच्या वर. दारू म्हणून कुणी एवढे देईल का? ती बाटली जमवणाऱ्याच्या कपाटात जायची. मी बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक फौजीची बायको चटकन म्हणाली, ‘अगं बाई, आमच्या यांच्या ट्रंकेत दोन सीलबंद हायेत, मित्रानं परदेशातून आणलेल्या.’ सगळ्या हसल्या. पण त्यातही धडा आहे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सीलबंद बाटली विकता येत नाही, मग ती जुनी असो की दुर्मिळ असो. ओळखीच्याला गुपचूप दिली तरी तो गुन्हाच. वस्तूला जगात भाव आहे म्हणजे आपल्याला ती विकता येतेच असं नाही.

आपल्याकडच्या वस्तूंनाही असे दोन-तीन नियम आहेत आणि जुन्या गावठाणातल्यांनी ते जास्तच लक्षात ठेवायला हवेत. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. घरचा डबा घरच्याच माणसानं ढिगाऱ्यातून काढला ही गोष्ट वेगळी, आणि कुणाच्या तरी पडक्या वाड्यात खणताना हंडा लागला ही वेगळी. शंभर वर्षांहून जुनी दगडाची किंवा धातूची मूर्ती असेल तर १९७२ च्या कायद्यानं तिची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. ‘बाहेरदेशी पाठवतो, डबल पैसे देतो’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

आता मोबाइलवरच्या लाखांचं. वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं, ट्रॅक्टरची पाचाची नोट, यांचे लाख-दोन लाख मिळतात अशा जाहिराती तुम्हीही बघितल्या असतील. फोन केला की पलीकडचा अगदी गोड बोलतो. मग नोंदणी फी, मग कर, मग कमिशन, सगळं आधी आपणच भरायचं. कागदावर रिझर्व्ह बँकेचं चिन्हसुद्धा असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी आपला काही संबंध नाही आणि बँक असली फी कधी मागत नाही. राम दरबाराचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असं छापलेलं नाणंही असंच, कंपनीनं ते कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याची थाप तर तुम्ही ऐकलीच असेल. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

खरा संग्राहक शोधायचा तर वाटा आहेत. पुण्यात कॉइनेक्स नावाचं नाण्यांचं प्रदर्शन भरतं. मुंबईचं टोडीवाला, बेंगळुरूचं मरुधर आर्ट्स अशी नाण्यांची लिलावघरं आहेत. आधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो पाठवून विचारता येतं. कमिशन किती, पैसे किती दिवसांत, नाही विकलं गेलं तर परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्यायचं. मात्र लिलावाला वेळ लागतो आणि साध्या नाण्यांसाठी तो खटाटोप परवडत नाही. गुरुजींनी एकेचाळिसातली तीन बाजूला काढली, दोन हाली आणि एक राणीछाप. यांना चांदीपेक्षा बरा भाव येईल म्हणाले. आणखी दोन आली असती, पण पुतण्यानं ती चिंच लावून चकचकीत घासली होती. हे मला नवीनच कळलं. संग्राहकाला जुनाट काळपटपणाच हवा असतो, घासलेल्या नाण्याचा हौसेचा भाव गेला, उरला चांदीचा. तेव्हा देवाची भांडी खुशाल घासा, नाणी नको.

भांड्यांचंही तेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, समया, पानाचे डबे, फण्या असं सगळं बायकांच्या हातातलं सामान मांडलेलं आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमाराला जमवायला सुरुवात केली ते हेच, लोक ज्याला अडगळ म्हणत होते ते. आपल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या, त्याचं आज सरकारी संग्रहालय आहे. साधी घागर किलोवरच जाणार, तिथे वाद नाही. पण नक्षीचा अडकित्ता, पानदान, आख्खी खऱ्या जरीची पैठणी मोडीच्या पोत्यात टाकण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवा. विरलेल्या साडीची जर जाळून चांदी काढतात, तिथे वजनच बघायचं.

वहिनींनी काय केलं? फी आठ दिवसांत होती, लिलावाला थांबणं शक्य नव्हतं. छत्तीस नाणी त्यांनी लातूरला दुसऱ्या दुकानात दिली. ढीग वेगवेगळे ठेवूनच आत गेल्या, टंच काढून घेतला, त्या दिवसाचा भाव वर्तमानपत्रात बघून गेल्या होत्या. दुकानदारानं घट धरली, पण थोडी, आणि आधी सांगून. पावती स्वतःच्या नावानं घेतली. पैसे दिरांच्या खात्यावर टाका असा निरोप आला होता, तो त्यांनी ऐकलाच नाही. रक्कम चेकनं स्वतःच्या खात्यावर जमा केली. यावरून घरात चार दिवस अबोला होता. डबा सासूबाईंचा, त्यांनी तो सुनेच्या हाती दिला, तेव्हा दिरांनी रुसण्यासारखं मला तरी त्यात काही दिसलं नाही. सासूबाईंनाही दिसलं नाही. त्या सरळ म्हणाल्या, ‘मी दिलंय, तिनं इकलंय, तुमाला काय?’

गुरुजींनी बाजूला काढलेली तीन नाणी कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत ठेवली आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका असं गुरुजींनी बजावलंय. पुढच्या प्रदर्शनाला ते स्वतः जाणार आहेत, तेव्हा घेऊन जातील. काय भाव आला तर द्यायची, तो आकडा वहिनींनी आधीच त्यांना लिहून दिलाय. वाघाचे दोन रुपये मुलीनं मागून घेतले.