मोडलेला बेत

प्रवासाचा बेत करणें हें प्रत्यक्ष प्रवासाहूनहि सुखाचें असतें. बेत करतांना घाट बंद होत नाहींत, मुलांना गाडी लागत नाहीं, आणि कोणाच्या डब्यांतला दहींभात आंबत नाहीं. गेल्या वैशाखांत आम्हीं पुण्याहून गुहागरास जाण्याचें ठरविलें, तेव्हां असाच एक निर्दोष बेत आमच्या घरीं तयार झाला होता. पुढें तो वाटेंत अनेक ठिकाणीं मोडला. मात्र त्याची शेवटची मोड अशी झाली कीं, ती वाचकांस सांगावी असें वाटतें.

आम्ही एकंदर अकरा माणसें आणि दोन मोटारी. ज्यांना घरांत सर्वच दादा म्हणतात ते आमचे थोरले बंधु व वहिनी, मी व सौ., धाकटा भाऊ व त्याची पत्नी, चार मुलें, आणि या सर्वांच्या वर आत्याबाई. आत्याबाईंचें वय चौऱ्यांयशीं. लवकर वैधव्य आल्यामुळें त्या आमच्या वडिलांकडे राहावयास आल्या, आणि आम्हां भावंडांचीं आजारपणें, मुंजी व लग्नें त्यांच्याच देखरेखीखालीं पार पडलीं. गुहागर हें आमचें मूळ गांव. तेथील व्याडेश्वर हें चित्तपावनांतील पुष्कळ घराण्यांचें कुलदैवत असून आमचेंहि तेंच आहे. आत्याबाईंचा जन्म तेथल्याच वाडींतला. "एकदां डोळे धड आहेत तोंवर देवाचें दर्शन घडवा," एवढेंच त्यांचें मागणें होतें.

त्यांचा एक नेम मात्र सर्वांस सांभाळावा लागे. घराबाहेर शिजविलेलें अन्न त्या तोंडांत घालीत नसत. फळें, दूध, पेढा चाले. भात, भाकरी, भाजी नाहीं. म्हणून वहिनींनीं त्यांच्यासाठीं दुधांत भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, गूळ व दहींभाताचा एक स्वतंत्र डबा भरून घेतला होता.

दादांचा बेत कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. पहांटे साडेपांचला निघावें, आठाला भोर, तेथून वरंधा घाटानें महाड, दुपारचें जेवण महाडास, आणि दिवेलागणीपूर्वीं गुहागर. आदल्या रात्रीं त्यांच्या मुलानें घाटाची एकदां चौकशी करूं या, असें सुचविलें होतें. "चाळीस वर्षें मी हा घाट चढतों-उतरतों आहें. तुझ्या फोनला काय ठाऊक?" असें म्हणून दादांनीं दिवा मालविला.

भोरपर्यंत सर्व कांहीं कागदाबरहुकूम झालें. भोर हें पंतसचिवांच्या संस्थानचें जुनें राजधानीचें गांव. त्यांचा वाडा आजहि तेथें पाहावयास मिळतो. तेथें चहा झाला. मुलांनीं भजीं मागितलीं, तर दादा म्हणाले, "खरीं भजीं घाटमाथ्यावर." परंतु गांव सोडून बरेंच पुढें गेल्यावर रस्त्यांत आडवा बांबू दिसला व त्याला टांगलेला फलक दिसला. दुरुस्तीच्या कामामुळें घाट वाहतुकीस बंद होता. खालीं बंदीच्या तारखा होत्या, आणि त्या चांगल्या पंधरा दिवसांपूर्वीं सुरू झाल्या होत्या.

कोणी कांहींच बोललें नाहीं. पुतण्याहि बोलला नाहीं, याचें मला विशेष कौतुक वाटलें. थोड्या वेळानें दादांनीं आपला कागद घडी करून खिशांत ठेवला आणि त्याला म्हणाले, "आतां तूंच सांग."

मार्ग तीन होते. परत पुण्यास जाऊन ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरावें, हा एक. साताऱ्यावरून कऱ्हाड, पाटण करीत कुंभार्ली घाटानें चिपळूणला जावें, हा दुसरा. आणि मांढरदेवीच्या डोंगरावरून वाईस उतरून महाबळेश्वर व आंबेनळी घाटानें पोलादपूर गांठावें, हा तिसरा. मुलांनीं एकमुखानें महाबळेश्वराच्या बाजूनें मत दिलें, व तेंच ठरलें.

वाईस कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचें दर्शन झालें. रास्त्यांनीं हें देऊळ १७६२ सालीं बांधलें. पुराचें पाणी दुभंगून जावें म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे, हें मुलांना दाखविलें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें काम याच गांवीं उभें केलें, हेंहि सांगितलें. परंतु मुलांचें लक्ष सातारी कंदी पेढ्यांकडे होतें. ते अर्धा किलो घेतले. जेवण महाबळेश्वरास करूं, असें ठरलें आणि येथेंच आमचा दुसरा बेत मोडला.

सुट्टीचे दिवस. पसरणीच्या घाटापासूनच मोटारींची रांग लागलेली. वळणें आणि ऊन यांनीं धाकट्या दोन मुलांना गाडी लागली. रिकाम्या पोटीं ओकाऱ्या फार त्रास देतात, म्हणून आत्याबाईंनीं आपला डबा उघडला आणि मुलांना दशमीचा तुकडा व गूळ दिला. त्यांना बरें वाटलें. मग इतरांनींहि हात पुढें केले. पांचगणी येईपर्यंत दशम्या संपल्या. महाबळेश्वरास गाड्या लावावयास जागा मिळेना, म्हणून तसेच पुढें उतरूं लागलों. दहींभाताचा डबा उघडला तों तो उन्हानें आंबून गेलेला.

आत्याबाईंना मधुमेह आहे. दुपारीं एक वाजतां, आतां जेवण होईलच या भरंवशावर, त्यांनीं आपली गोळी घेतली होती. तीन वाजतां आंबेनळी घाटांत सौ.च्या ध्यानांत आलें कीं, त्या बोलेनाशा झाल्या आहेत. कपाळावर घाम, हात थरथरत होते. सौ.नें पर्समधली साखर तत्काल पाण्यांत विरघळवून पाजली. मधुमेही माणसाची रक्तांतली साखर एकाएकीं उतरली व तें शुद्धीवर असलें तर आधीं साखर द्यावी, आणि मग पोटभर अन्न द्यावें. नुसत्या साखरेनें आलेली तरतरी टिकत नाहीं, हें प्रत्येक घरांत ठाऊक असावें. दहा मिनिटांनीं आत्याबाईंचा चेहरा निवळला. परंतु पोटभर अन्न आणावें कोठून?

प्रतापगडाचा फांटा जवळच होता. रस्त्याकडेला एक झोंपडीवजा खानावळ दिसली. चुलीपुढें एक म्हातारी नाचणीच्या भाकऱ्या थापीत होती. शेजारीं पिठल्याचें पातेलें, ठेंचा व ताकाचें मडकें. आम्हीं आत्याबाईंना आधार देऊन बाकावर बसविलें व सौ.नें हकीकत सांगितली. त्या म्हातारीनें आत्याबाईंच्या नऊवारी लुगड्याकडे व हातांतल्या जपमाळेकडे पाहिलें. मग हलकेंच विचारलें, "आज्जी, आमच्या हातचं चालंल न्हवं? न्हाईतर पीठ काढून देते. तुमच्यातल्या कुनीबी थापा. चूल हायेच."

तिच्या बोलण्यांत राग नव्हता, उपरोधहि नव्हता. जणूं हा प्रश्न तिनें आयुष्यभर विचारला असावा. वहिनी उठल्यासुद्धां. तेवढ्यांत आत्याबाई म्हणाल्या, "बस ग. तिचीच भाकरी वाढ." आणि त्या म्हातारीकडे वळून, "तूंच थाप बाई. मला भूक लागली आहे."

दीड भाकरी, पिठलें व वाटीभर ताक त्यांनीं खाल्लें. आम्हांपैकीं कोणीहि त्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. आम्ही सर्व तेथेंच जेवलों. असें खमंग पिठलें फार दिवसांत खाल्लें नव्हतें. निघतांना आत्याबाईंनीं पेढ्यांचा पुडा त्या म्हातारीच्या हातीं ठेवला. "हें आमच्या हातचें नाहीं, विकतचें आहे," असें त्या म्हणाल्या, आणि दोघीहि हंसल्या.

पोलादपूर, खेड, चिपळूण करीत गुहागरास पोहोंचावयास रात्रीचे नऊ वाजले. आमचे चुलतबंधु अजून तेथें वाडी सांभाळून आहेत. मऊ भात, मेतकूट, तूप, भाजलेला पापड व सोलकढी असें जेवण तयार होतें. दुसऱ्या दिवशीं व्याडेश्वरास अभिषेक झाला. दुपारीं बरक्या फणसाच्या रसाचीं सांदणें व नारळाचें दूध; संध्याकाळीं सुरूच्या बनांतून समुद्रावर. मुलांना यापरतें सुख नव्हतें.

आत्याबाई मात्र मागील अंगणांतल्या विहिरीपाशीं बराच वेळ बसल्या होत्या. मी जवळ गेलों तेव्हां म्हणाल्या, "आठ वर्षांची होतें रे मी. सुपारी सोलायला बायका येत. त्यांना पाणी द्यायचें काम माझ्याकडे. या पायरीवर उभें राहायचें, त्या खालीं ओंजळ धरायच्या, आणि वरून धार धरायची. तांब्या लागूं द्यायचा नाहीं. एकदां एकीच्या तोंडावर पाणी सांडलें. मी हंसलें. तीहि हंसली. काल त्या म्हातारीनें विचारलें ना, तेव्हां मला ती बाई आठवली. ती कां हंसली होती, तें काल कळलें."

मीं कांहींच उत्तर दिलें नाहीं, देण्यासारखें नव्हतें.

परतीसाठीं दादांनीं कुंभार्ली घाटाचा बेत केला होता, आणि या वेळीं मुलाकडून चौकशीहि करविली होती. रस्ता खुला होता. परंतु निघतांना आत्याबाई म्हणाल्या, "जातांना महाड राहिलें. येतांना महाडावरून जाऊं. तें तळें मला पाहायचें आहे." दादांनीं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलें आणि आपल्या हातानें कागदावरील ओळ खोडली.

चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आत्याबाई पुतण्याचा हात धरून बसल्या. तो त्यांना सांगत होता: २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह येथें आले व या तळ्याचें पाणी प्याले. तळें सर्वांस खुलें करण्याचा नगरपालिकेचा ठराव त्यापूर्वींच झालेला होता. तो कागदावरच होता. पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९३७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल सत्याग्रह्यांच्या बाजूनें दिला.

"आणि ते पाणी प्याल्यावर गांवानें काय केलें?"

"तळें शुद्ध करून घेतलें. पंचगव्य ओतून."

"कुणीं केली शुद्धि?"

पुतण्या घुटमळला. मग म्हणाला, "आपल्यासारख्यांनींच, आजी."

"गुरें पीत होतीं ना येथें?"

"हो. गुरांना बंदी नव्हती."

आत्याबाई पुढें कांहीं बोलल्या नाहींत. त्या उठल्या तेव्हां ऊन कलूं लागलें होतें. ताम्हिणी घाटानें घरीं येईपर्यंत रात्र झाली.

या प्रवासांतून कांहीं व्यावहारिक धडे मिळाले, ते वाचकांच्या उपयोगीं पडतील. घाटाचा रस्ता असेल तर निघण्यापूर्वीं तो खुला आहे कीं नाहीं, हें आदल्या दिवशीं विचारावें. घरांतील धाकट्या माणसानें तें सुचविलें तर त्याचें ऐकावें. मधुमेही माणसाची गोळी जेवणाशीं बांधलेली असल्यास अन्न समोर आल्याशिवाय ती देऊं नये, व साखर नेहमीं जवळ बाळगावी. दहींभात उन्हाळ्याच्या प्रवासाला नेऊं नये. आणि जेवणाची वेळ झाली कीं जेथें चूल पेटलेली दिसेल तेथें थांबावें.

एक गोष्ट राहिली. आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वर्षानुवर्षें खिडकींत वेगळा ठेवलेला असे. तो कोणीं ठेवला, केव्हां ठेवला, हें कोणासहि सांगतां आलें नसतें. आम्ही सर्व स्वतःस सुधारलेले म्हणविणारे. तो कप रोज पाहात होतों. गुहागरहून आल्यानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं पाहिलें, तों खिडकी रिकामी होती. आत्याबाई स्वयंपाकघरांत पाटावर बसल्या होत्या, समोर त्या बाई बसल्या होत्या, आणि आमच्या नेहमींच्या कपांतून दोघी चहा पीत होत्या.

वहिनींनीं मला खुणेनें दाराबाहेर बोलाविलें. "तो कप कुठें गेला?" मीं विचारलें.

"सकाळीं फुटला म्हणाल्या," वहिनी म्हणाल्या. "पण तुकडे मला कुठें दिसले नाहींत."